नळीच्या दुसऱ्या टोकाला

डॉक्टर: हे तू मला सांगितलंच नाहीस, असं मी समजतो. खाली जा आणि सरळ घरी जा.

वहिनी: ऐकून घेतल्याशिवाय जाणार नाही.

डॉक्टर: वहिनी, मी थट्टा करत नाहीये.

वहिनी: मी तरी कुठे करतेय? दार लाव. बाहेर सिस्टर उभ्या आहेत.

डॉक्टर: दार लावलं तर आणखी वाईट दिसेल. ज्या कंपनीचं औषध आज पहिल्यांदा माणसाला द्यायचंय, तिथलीच ते तपासणारी बाई आणि ते देणारा डॉक्टर बंद दाराआड. वर दीर-भावजय. मी लिहून दिलंय, वहिनी. नात्याबद्दल विचारलं होतं, तेव्हा लिहून दिलं की घरात आम्ही या कामाबद्दल एकमेकांशी बोलत नाही.

वहिनी: मीही दिलंय. आणि बोललोही नाही कधी. तुझा दादा तर म्हणतो, या दोघांमुळे जेवताना हवेपाण्याशिवाय विषय उरलेला नाही.

डॉक्टर: मग आज काय झालं?

वहिनी: आज तू ती गोळी एका माणसाच्या हातावर ठेवणार आहेस.

डॉक्टर: दार लावतो. पाच मिनिटं. आणि आवाज खाली ठेव.

वहिनी: माझा खालीच आहे. तुझाच चढलाय.

डॉक्टर: बोल.

वहिनी: पहिल्यापासून सांगते. मध्ये बोलू नकोस.

डॉक्टर: गणित शिकवतानाही असंच म्हणायचीस.

वहिनी: आणि तू मध्येच बोलायचास. ऐक. माझं काम तुला ठाऊक आहे. हृदयातल्या पेशींना एक दार असतं. ठोका पडून गेल्यावर ते उघडतं, आणि पेशी पुढच्या ठोक्याला तयार होते. औषधाने ते दार अडलं, तर तयार व्हायला वेळ लागतो. फारच वेळ लागला, तर...

डॉक्टर: तर लय बिघडते आणि माणूस उभ्याउभ्या कोसळतो. हे मला शिकवू नकोस. यापायी बाजारातून परत घेतलेली औषधं मी तोंडपाठ म्हणून दाखवीन.

वहिनी: म्हणूनच तुझ्याकडे आले. तर, ते दार असलेल्या पेशी मी एका इवल्याशा ताटलीत ठेवते. त्यांच्यावरून मिठाचं पाणी वाहत असतं. औषध बाटलीत कालवायचं, बाटलीतून पंपाने नळीत, नळीतून ताटलीत. किती औषधाला दार अडतं, ते बघायचं. आपल्या सतरा नंबरने, म्हणजे आजच्या गोळीतल्या औषधाने, दार हललंसुद्धा नाही. बाटलीत औषध चिकार होतं आणि दार सताड उघडं.

डॉक्टर: वाचलंय मी. तुमच्या अख्ख्या अहवालातलं सगळ्यात सुंदर पान होतं ते.

वहिनी: हो. मलाही आवडलं होतं.

डॉक्टर: होतं?

वहिनी: काल दुपारी नव्या पेशी आल्या. त्या धड आहेत का, ते बघायला नुसतं मिठाचं पाणी सोडलं. औषध नाही, काही नाही. आणि दार अडायला लागलं.

डॉक्टर: पेशी खराब असतील.

वहिनी: मलाही तेच वाटलं. दुसरी पेशी घेतली. तेच. तिसरी घेतली. तेच. मग म्हटलं, पाण्यातच काही आलं असेल. पाणी नवं केलं. तरी तेच. शेवटी नळी बदलली. कोरी नळी लावल्यावर पेशी ठणठणीत. जुनी परत लावली...

डॉक्टर: आणि पुन्हा अडलं.

वहिनी: सावकाश. पूर्ण नाही. पण अडलं.

डॉक्टर: थांब. नळीत आधी काय गेलं होतं?

वहिनी: सतरा. त्यानंतर ती खुंटीवर टांगलेली होती, धुऊन.

डॉक्टर: धुऊन?

वहिनी: धुऊन जाणार कसं ते? सतरा तेलकट आहे, भुंग्या. त्याला पाण्यापेक्षा ती मऊ नळी जास्त मानवते. बाटलीतून निघतं आणि वाटेत नळीच्या अंगात मुरून बसतं. आता हळूहळू परत सुटतंय. म्हणजे त्या दिवशी बाटलीत जे होतं, ते ताटलीत पोचलंच नव्हतं.

डॉक्टर: पण तुम्ही मोजता ना? किती औषध होतं ते मोजल्याचा आकडा छापलाय त्या पानावर. मी बघितलाय.

वहिनी: तो बाटलीतला आहे.

डॉक्टर: बाटलीतला?

वहिनी: आमच्याकडे नियमच तसा आहे. प्रयोग सुरू करण्याआधी बाटलीतून नमुना काढायचा आणि मोजायला पाठवायचा. आमच्या प्रयोगशाळेच्या मुख्य सरांनी घालून दिलेला. तेव्हा नळी वेगळी होती. टणक, गुळगुळीत, तिला काही म्हणून चिकटायचं नाही. एका टोकाला जे, तेच दुसऱ्या टोकाला. पण ती पंपात नीट दबायची नाही, सारखी निसटायची. म्हणून ही मऊ नळी आणली. सगळ्यांना बरं वाटलं. मलाही. नळी बदलली आणि नियम तोच राहिला.

डॉक्टर: आणि इतक्या शहाण्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही?

वहिनी: नाही.

डॉक्टर: बरं. माझं ऐक आता. पेशी म्हणजे काही सगळं नव्हे. कुत्र्यांचे कार्डिओग्राम झालेत. महिनाभर औषध दिलंय त्यांना. एका पट्टीवरही काही नाही. प्रत्येक पट्टी पाहिली आहे मी.

वहिनी: त्यांच्या रक्तात किती होतं, तेही पाहिलंस का?

डॉक्टर: कमी होतं. पोटातून रक्तात फारसं उतरत नव्हतं, असं काहीतरी लिहिलं होतं.

वहिनी: तेवढ्यावर आम्ही भागवलं. बैठकीत चर्चा झाली होती, मी होते तिथे. कुणीतरी म्हणालं, हे फारच कमी उतरतंय, प्राण्यांचं पुन्हा करायला हवं. त्यावर उत्तर काय आलं माहितेय? हृदयाची काळजी नको, पेशींनी निर्वाळा दिलाय.

डॉक्टर: उत्तर कुणी दिलं?

वहिनी: पेशींचं पान माझं होतं. उत्तर सरांनी दिलं आणि मी मान हलवली. प्राण्यांतही औषध कमी पोचलं आणि पेशींतही. दोन्हीकडून सुरक्षित आहे असं आलं. आम्ही म्हटलं, दोन साक्षी जुळल्या.

डॉक्टर: आणि माणसाच्या पोटातून किती उतरेल?

वहिनी: तेच तर तू आज बघणार आहेस.

डॉक्टर: कोण आहे? दार वाजवू नका, कडी लावलेली नाही. या.

मास्तर: डॉक्टरसाहेब, रागावू नका. सिस्टर म्हणाल्या पाहुणे आहेत, पण मी म्हटलं एकच प्रश्न आहे.

डॉक्टर: बोला मास्तर.

मास्तर: गोळीबरोबर पाणी देणार ना तुम्ही? ते किती देणार? पेलाभर की घोटभर? नाही म्हणजे, कालपासून माझी सगळी आशा त्या पाण्यावर आहे.

डॉक्टर: पेलाभर. मोजून.

मास्तर: गार?

डॉक्टर: साधं. मास्तर, तुम्हाला खाटेवर पडून राहायला सांगितलं होतं.

मास्तर: पडून पडून पाठीला रेघा उमटल्या. माझा जन्म पाण्यात गेलाय, साहेब. पोहायला शिकवतो मी, ताई. तुम्ही पण डॉक्टर का?

वहिनी: नाही. मी प्रयोगशाळेत असते.

मास्तर: म्हणजे गोळी तुम्ही बनवली?

वहिनी: बनवत नाही. तपासते.

मास्तर: मग झालं. आता निर्धास्त. घरी बायको म्हणत होती, तलावाच्या फरशा बदलेपर्यंत घरात बसून माझं डोकं खाणार, त्यापेक्षा जा, कुठेतरी उपयोगी पडा. तिला आता फोनवर सांगतो, तपासणाऱ्या बाई स्वतः जातीने आल्यात.

डॉक्टर: काही सांगू नका. जाऊन पडा. सिस्टर पुन्हा एकदा नाडी बघतील.

मास्तर: बघू द्या. त्यांना माझी नाडी फार आवडते. रात्री तीनदा यंत्र वाजलं म्हणून धावत आल्या. म्हणाल्या, अहो, तुमची नाडी झोपेत चाळीसच्या खाली जाते. म्हटलं, पोहणाऱ्याचं इंजिन आहे, सावकाश चालतं पण दमत नाही.

वहिनी: चाळीसच्या खाली?

मास्तर: झोपेत हो. जागेपणी पन्नास. हे काय वाईट आहे का, ताई?

वहिनी: नाही. निरोगी आहात म्हणूनच तशी आहे.

मास्तर: बघा डॉक्टरसाहेब. येतो मी. पेलाभर म्हणालात, लक्षात ठेवा.

(दार लागल्याचा आवाज.)

डॉक्टर: असं बघू नकोस माझ्याकडे. जागेपणीची नाडी नियमात बसते. तपासणी करूनच घेतलंय त्यांना.

वहिनी: मी काही म्हटलं नाही.

डॉक्टर: तेच तर. तू काही म्हणत नाहीस तेव्हा घरात सगळ्यांना घाम फुटतो.

वहिनी: सावकाश चालणाऱ्या हृदयात या दाराचं अडणं जास्त जाणवतं. तुला ठाऊक आहे ते.

डॉक्टर: ठाऊक आहे. आता मला एक सरळ सांग. तुझी खात्री किती आहे?

वहिनी: कशाची?

डॉक्टर: या सगळ्याची.

वहिनी: असं सगळ्याचं एकदम सांगता येत नाही. पेशींपर्यंत कमी पोचलं, याची खात्री आहे. किती कमी, ते माहीत नाही. थोडंसं असेल, नाहीतर नावालाच पोचलं असेल. मास्तरांना काही होईल याची खात्री नाही. आजचा डोस लहान आहे. बहुतेक त्यांना काही होणार नाही.

डॉक्टर: तू मला थांबवायला आलीस की धीर द्यायला?

वहिनी: जे माहीत आहे ते सांगायला आले.

डॉक्टर: बहुतेक काही होणार नाही. हे तुझे शब्द. आणि त्यावर मी काय करायचं? औषध कंपनीची माणसं खाली बसलीत. दोन सिस्टर, रक्त काढणारी मुलगी, सगळे तासातासाला बांधलेत. गोळी कुलपातून काढायची वेळ झालीये. हा वॉर्ड वर्षभर रिकामा होता, वहिनी. मी खाटा मोजत बसायचो. हे पहिलं मोठं काम मिळालंय. आणि मी ते काय म्हणून थांबवू, तर वहिनीला काल संध्याकाळी शंका आली म्हणून?

वहिनी: आज काही झालं नाही, तर ते जास्त वाईट.

डॉक्टर: काय?

वहिनी: आज काही होणार नाही. मग पुढच्या माणसाला दुप्पट देशील. त्यालाही काही होणार नाही. मग आणखी वाढवशील. दर वेळी कुणीतरी विचारील, हृदयाचं काय? आणि दर वेळी तू माझं ते पान पुढे करशील. शेवटी एका डोसला ते कुणाच्यातरी बाबतीत खोटं ठरेल. तो मास्तर नसेल. कोण असेल, ते मला माहीत नाही.

डॉक्टर: तुमच्या सरांना सांगितलंस का हे?

वहिनी: काल रात्री फोन केला.

डॉक्टर: काय म्हणाले?

वहिनी: एका संध्याकाळचं निरीक्षण म्हणजे निष्कर्ष नव्हे, म्हणाले. नव्या नळीवर सगळं पुन्हा कर, दुसऱ्या टोकाचा नमुना घे, मोजायला दे, आणि मग माझ्याकडे ये.

डॉक्टर: बरोबरच आहे की. मीही हेच म्हणालो असतो.

वहिनी: मीही. त्यांच्या जागी असते तर. मी विचारलं, आणि उद्याचा डोस? ते म्हणाले, तो आपला विषय नाही, वॉर्डाचा आहे.

डॉक्टर: म्हणून तू वॉर्डात आलीस.

वहिनी: हो.

डॉक्टर: आणि तो दुसऱ्या टोकाचा नमुना?

वहिनी: जुनी नळी आहे तशी ठेवून तिच्यातून सतरा पुन्हा सोडलं आणि ताटलीत जे पडलं ते भरून ठेवलं. एक नव्या नळीचाही. मोजणारे आज कामावर येतील, लावतील. संध्याकाळ होईल, नाहीतर उद्या.

डॉक्टर: संध्याकाळ. म्हणजे मला दिवसभर थांबायचंय. एवढंच ना?

वहिनी: एवढंच.

डॉक्टर: मग हे इतकं अवघड का करतोय आपण? ऐक. कार्डिओग्रामचं यंत्र मघापासून कुरकुर करतंय. म्हणजे करत नाहीये, पण करू शकतं. मी लिहितो, यंत्र नीट चालत नाही, आजचा डोस पुढे ढकलला. कुणी जाब विचारणार नाही. यंत्राशिवाय पहिला डोस कुणीच देत नाही. दोन दिवस सहज मिळतील. तोवर तुझे आकडे येतील. वाईट आले, तर सर स्वतःच सगळं थांबवतील. चांगले आले, तर तू इथे आलीच नव्हतीस.

वहिनी: नको.

डॉक्टर: नको काय? मास्तर वाचले, तुझी नोकरी वाचली, माझा वॉर्ड वाचला.

वहिनी: यंत्र बिघडलं असं लिहिलंस, तर यंत्र दुरुस्त होईल. नळी तशीच राहील.

डॉक्टर: तू सांगशील ना सरांना.

वहिनी: सांगितलं की. आणखी सांगेन. त्यांनाही थांबायला सवड मिळेल. आकडे अधलेमधले आले, तर म्हणतील, थोडा फरक आहे, पुढच्या औषधापासून लक्ष ठेवू. आणि तुझा डोस यंत्र दुरुस्त झाल्यावर सुरू होईल. डोस नळीमुळे थांबला असं एकदा लिहिलं गेलं, की नळीचं उत्तर दिल्याशिवाय तो कुणालाच पुन्हा सुरू करता येणार नाही. सरांनाही नाही. तुलाही नाही.

डॉक्टर: आणि नळीमुळे थांबला हे मला कुणी सांगितलं, तेही लिहावं लागेल.

वहिनी: लिही.

डॉक्टर: कळतंय का तुला, काय बोलतेस? मालकाला वगळून, चाचणीच्या डॉक्टरला परस्पर भेटून, तेही नात्यातल्या. तुझं तिथलं काम संपलं समज. दुसरीकडेही कुणी दारात उभं करणार नाही. हा एवढासा व्यवसाय आहे, सगळे एकमेकांना ओळखतात. दादाला विचारलंस?

वहिनी: विचारलं नाही. सांगून आले.

डॉक्टर: काय म्हणाला?

वहिनी: म्हणाला, त्याच्याकडे चाललीस तर त्याचा डबा घेऊन जा, कालही विसरला होता. मी म्हटलं, आज नको, बरं दिसणार नाही.

डॉक्टर: तुम्ही दोघं ना. आईला सांगा असं काही, मग बघा.

वहिनी: आईंना मी संध्याकाळी सांगेन. त्यांना नोकरीचं वाईट वाटेल. बाकीचं त्या विचारणार नाहीत.

डॉक्टर: वहिनी, तू जरा रडली वगैरे असतीस ना, तर मला तुला घालवून देता आलं असतं.

वहिनी: तुझा फोन दे.

डॉक्टर: कशाला?

वहिनी: सरांना लावते. तुझ्यासमोर आणि तुझ्याच फोनवरून. मागाहून कुणी म्हणायला नको, लपूनछपून आले होते.

डॉक्टर: माझ्या फोनवरून? तू मला पुरती बुडवणार.

वहिनी: बरं, माझ्यावरून लावते. तू नुसतं ऐक.

डॉक्टर: लाव.

वहिनी: सर, मी बोलतेय. ... नाही, प्रयोगशाळेत नाही. वॉर्डात आहे. ... जिथे डोस द्यायचाय त्या वॉर्डात. ... हो. त्यांना सांगितलं. ... सगळं. नळीचं, बाटलीचं, कुत्र्यांच्या रक्ताचंही. ... हो सर, तुम्ही म्हणाला होतात थांब. ... मी थांबले असते. गोळी थांबणार नव्हती. ... हो, माझे धाकटे दीर. ... माहीत आहे. माझीही सही आहे त्यावर. ... नाही, त्यांनी बोलावलं नाही. त्यांनी मला दोनदा घालवायचा प्रयत्न केला.

डॉक्टर: तीनदा.

वहिनी: तीनदा, म्हणतात. ... सर, एक विचारू? तुमच्या मते काय असेल ते? ... नाही, निष्कर्ष नाही मागत. तुम्हाला काय वाटतं ते. ... हं. ... हं. ... मलाही तेवढंच वाटतं. ... नळी पिशवीत घालून थंड कपाटात ठेवली आहे, वर लिहिलंय. कुणाला फेकू देऊ नका. आणि दोन्ही नमुने डाव्या खणात आहेत, मोजणाऱ्यांना माहीत आहे. ... कार्ड? ... आजच? ... बरं. दारावर देते. ... नाही सर, मी रागावले नाही. ... ठेवते.

डॉक्टर: काय म्हणाले?

वहिनी: दाराचं कार्ड जमा करायला सांगितलं. चौकशी होईपर्यंत.

डॉक्टर: ते ऐकलं. त्यांना काय वाटतं, ते विचारलंस ना.

वहिनी: दहापट तरी फरक असेल, म्हणाले. रात्रभर झोप लागली नाही, म्हणाले.

डॉक्टर: दहापट. आणि मग इथे फोन का केला नाही त्यांनी?

वहिनी: आकडा हातात नव्हता. ते आकड्याशिवाय बोलत नाहीत. मलाही त्यांनीच तसं शिकवलंय.

डॉक्टर: बस त्या खुर्चीवर. उभी राहून राहून पाय दुखतील. सिस्टर, जरा आत या का? ... औषधाच्या खोलीत कळवा, आजची गोळी काढू नका. काढली असेल तर परत कुलपात. ... नाही, रद्द नाही, थांबवलीय. मी लिहून देतो. आणि खाली ती कंपनीची माणसं बसलीत, त्यांना दहा मिनिटांनी वर पाठवा. दहाच. आधी नको. ... मास्तरांना मी सांगतो. त्यांना पाणी द्या, हवं तेवढं.

वहिनी: काय लिहिणार?

डॉक्टर: ऐक. "हृदयाच्या पेशींवरील तपासणीत औषध प्रत्यक्ष पेशींपर्यंत किती पोचले याबद्दल गंभीर शंका उपस्थित झाल्यामुळे पहिला डोस थांबवण्यात येत आहे. पेशींपर्यंत पोचलेल्या औषधाचे मोजमाप हाती येईपर्यंत तो दिला जाणार नाही." बरोबर?

वहिनी: "गंभीर" काढ.

डॉक्टर: का? गंभीर नाहीये?

वहिनी: ते वाचणाऱ्याला ठरवू दे. आणि नळी लिही. नळी हा शब्द यायला हवा.

डॉक्टर: "नळीमध्ये औषध शोषले गेल्याने." चालेल?

वहिनी: "शोषले गेले असावे." अजून मोजून आलेलं नाही.

डॉक्टर: देवा. शाळेत असताना माझं पेपरातलं वाक्यसुद्धा तू असंच कुरतडायचीस. ही माहिती कुणी दिली, तिथे तुझं नाव. पुढे पद काय लिहू?

वहिनी: आज सकाळपर्यंत होतं ते.

डॉक्टर: आणि नातं?

वहिनी: तेही लिही. नाहीतर दुसरं कुणी लिहील.

डॉक्टर: लिहिलं. सही करतो. झालं. आता मी पण तुझ्याबरोबर गेलो म्हणायचं.

वहिनी: तुला काही होणार नाही. थांबवायचा अधिकार तुला आहेच. तो वापरलास.

डॉक्टर: वापरायचा नसतो गं तो. नुसता असायचा असतो. कोण? या, मास्तर, या. तुमच्याकडेच येत होतो.

मास्तर: सिस्टरने तांब्याभर पाणी आणून ठेवलं. म्हटलं, आता काहीतरी घोळ आहे.

डॉक्टर: आज गोळी नाही, मास्तर.

मास्तर: माझं काही चुकलं का? ती रात्रीची नाडी?

डॉक्टर: तुमचं काहीच नाही. आमच्याकडची एक तपासणी पुन्हा करायचीय. ती झाल्याशिवाय देणार नाही.

मास्तर: म्हणजे धोका होता?

डॉक्टर: असेल असं वाटलं. नक्की माहीत नाही.

मास्तर: ताई, तुम्हाला?

वहिनी: मलाही नक्की माहीत नाही. म्हणून थांबवलं.

मास्तर: बरं. हे बायकोला कसं सांगू? तिला उत्तर पूर्ण लागतं.

वहिनी: सांगा, पाण्याची खोली मोजल्याशिवाय उडी मारू दिली नाही.

मास्तर: हे तिला कळेल. तिलाही मीच पोहायला शिकवलंय. जाऊ मी घरी?

डॉक्टर: आधी पोटभर खा. मग एक कार्डिओग्राम काढू आणि जा. घाई करू नका.

मास्तर: बरं, साहेब. येतो, ताई.

वहिनी: मीही निघते. दहा मिनिटं झाली असतील, ती माणसं येतील. त्यांनी मला इथे बघण्यापेक्षा कागद बघावा.

डॉक्टर: वहिनी, एक मिनिट.

वहिनी: काय?

डॉक्टर: मी ज्या वॉर्डात आधी होतो ना, तिथे तुमच्याकडचं एक औषध आलं होतं. पिवळी गोळी.

वहिनी: आठवतं. तेही मीच तपासलं होतं.

डॉक्टर: त्यात एक बाई होत्या. खाटेवरून उठल्या आणि खाली बसल्या. क्षणभर शुद्ध गेली. आम्ही धावलो, तोवर उठून हसायलाही लागल्या. उपाशीपोटी होत्या, एकदम उभ्या राहिल्या म्हणून चक्कर आली, असं आम्ही लिहिलं.

वहिनी: बऱ्या आहेत ना?

डॉक्टर: बऱ्या आहेत. औषधही पुढे गेलं. आता रुग्णांना देतायत. बऱ्याच ठिकाणी.

वहिनी: हो.

डॉक्टर: ते तेलकट होतं?

वहिनी: सतराइतकं नाही.

डॉक्टर: नळी कुठली होती तेव्हा?

वहिनी: मऊ. नवीनच आणली होती.

डॉक्टर: आणि दुसऱ्या टोकाला किती पोचत होतं?

वहिनी: आम्ही बाटलीतलं मोजलं होतं.